निपाणीचं गोडाऊन

‘मी पंचतारांकितला कामाला आहे’ असं सांगितलं की पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हॉटेल समजतात. एका लग्नात तर एका मावशींनी ‘दोन्ही वेळचं जेवण तिथंच का गं?’ असं विचारलं होतं. आमची पंचतारांकित म्हणजे कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहत. एमआयडीसीनं बुटीबोरी, शेंद्रा यांना जी पदवी दिली तीच आम्हालाही दिली. आत कापडाच्या गिरण्या आहेत, फौंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत. त्यातल्या एका मशीन शॉपचा हिशेब मी बघते. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्या व्हीएमसीवर त्याचं मशिनिंग होतं, टेम्पो भरून जातो. माझ्या वाट्याला टॅली, ई-वे बिल आणि जीएसटीची अकरा तारीख, वीस तारीख.

आता कबुली. २०२१ ते २०२३ अशी दोन वर्षं मी आमच्या गल्लीत, भिशीत आणि ऑफिसात भेटेल त्याला सांगत होते, की घरच्या नेटला व्हीपीएन घ्या, त्याशिवाय बँकेचं ॲप उघडूच नका. भिशीतल्या पाचसहा जणींनी माझ्या शब्दावर पैसे भरले. मी शिकलेली, ऑफिसात संगणकावर बसणारी, म्हणजे मला कळत असणार असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटत होतं.

सुरुवात केबलवाल्याच्या पोरापासून झाली. लॉकडाऊनमध्ये आम्ही त्याच्याकडनं फायबर घेतलं होतं. एकदा वसुलीला आला आणि दारातच म्हणाला, “वैनी, परवा रात्री लई डाटा उडवलासा की!” त्या रात्री मुलीनं तीन सिनेमे डाउनलोड केले होते, एवढंच. पण मला झोप लागेना. याला डाटा दिसतो म्हणजे आणखी काय काय दिसत असेल? पासवर्ड? बँकेतली शिल्लक? मी रात्री अकराला दुखणी शोधत बसते, ती? त्याची आई आणि मी एकाच बाजारात भाजी घेतो. त्या आठवड्यात तिच्या नजरेला नजर द्यायलाही मी बिचकत होते.

आणि नेमकी तेव्हाच मोबाईलवर जाहिरात आली. काळ्या टोपीतला माणूस, हिरवं कुलूप, ‘तुमचं सगळं उघड्यावर आहे’. तीन वर्षांचा प्लॅन घेतला तर महिन्याला फक्त १७० रुपये. मी हिशेबातली बाई, तरी ‘महिन्याला’ या शब्दाला फसले. पैसे एकदम तीन वर्षांचे कापले गेले. ६,१२० रुपये आणि परदेशी ऑनलाइन सेवा म्हणून वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,२२१ रुपये ६० पैसे. रोज दुसऱ्याचं जीएसटी काढणारी मी, स्वतःचं विसरले होते. कंपनीचं नाव घेत नाही. तिनं मला फसवलं असं म्हणता येणार नाही, जे लिहिलं होतं ते तिनं दिलं.

त्यानंतर घरात काय काय झालं ते आता सांगताना हसू येतं. माझ्या बँकेचं ॲप व्हीपीएन चालू असताना उघडेचना. एक सरकारी पोर्टल मला परदेशातली समजून बाहेरच ठेवायचं. सासूबाईंची मालिका ऐन रंगात आली की चाक फिरत बसायचं. मग मी काय करायची? बँकेपुरता व्हीपीएन बंद, पोर्टलपुरता बंद, मालिकेपुरता बंद. ज्या बँकेसाठी घेतला तिच्याच वेळी तो बंद ठेवत होते आणि हे विचित्र आहे हे मला दोन वर्षं सुचलं नाही. औषध कडू आहे म्हणजे गुण येत असणार, असं मन समजूत घालत होतं.

माझा भाचा पुण्याला हिंजवडीत नेटवर्कचंच काम करतो. २०२२ च्या दिवाळीत आला तेव्हा मी त्याला ते हिरवं कुलूप अभिमानानं दाखवलं. तो हसला नाही, पण म्हणाला, “मावशी, तुमच्या एमआयडीसीच्या गेटवर वॉचमन काय लिहितो?”

“टेम्पोचा नंबर, वेळ आणि कुठं चाललाय ते.”

“आत काय भरलंय ते?”

“ताडपत्री बांधलेली असती. त्याला काय दिसतंय?”

“मग तुझा केबलवाला म्हणजे तो वॉचमन.”

आणि मग त्यानं जे सांगितलं ते मी आजवर कुणाकडून इतक्या सोप्या शब्दांत ऐकलेलं नाही. बँकेची, मेलची, बहुतेक सगळ्याच साइटची पानं आता एचटीटीपीएसवरून येतात. ती ताडपत्री. पूर्वी तिला पैसे पडायचे म्हणून लहान साइट बांधायच्या नाहीत. २०१५ साली लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेनं तसली प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली, आणि २०१८ च्या जुलैपासून क्रोम उघड्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारू लागला. तेव्हापासून उघडा टेम्पो क्वचितच दिसतो. केबलवाल्याला कळतं ते एवढंच, की टेम्पो अमुक बँकेकडं गेला आणि त्यात किती वजन होतं. ‘लई डाटा उडवलासा’ हे वजन होतं. पासवर्ड त्याला कधीच दिसत नव्हता.

“मग व्हीपीएन काय करतोय?”

“तो म्हणतोय, तुझे सगळे टेम्पो आधी माझ्या निपाणीच्या गोडाऊनला पाठव. तिथनं मी पुढं लावून देतो. मग वॉचमन नुसतं ‘निपाणी, निपाणी, निपाणी’ लिहितोय. त्याला काय कळत नाही. पण गोडाऊनवाल्याला आता सगळं कळतंय, तुझा कुठला टेम्पो कुठं गेला ते. आणि निपाणी कर्नाटकात. उद्या काय झालं तर तू तिथं कुणाला जाब विचारणार?”

मी म्हणाले, “कंपनीनं लिहिलंय, आम्ही वही ठेवत नाही.”

“लिहिलंय,” तो म्हणाला आणि करंजी खायला लागला.

एवढं सरळ सांगितल्यावर माझं मत बदलायला हवं होतं. बदललं नाही. उलट रागच आला. पाचसहा जणींना घ्यायला लावला होता, आता त्यांना काय तोंड दाखवू? ‘पुण्याची पोरं शहाणी झाली’ असं बहिणीला फोनवर म्हणालेही. मुद्द्यानं माझं मत हललं नाही, ते हललं एका सोमवारी सकाळी.

२०२३ चा पावसाळा. साडेनऊला ऑफिस उघडलं, संगणक चालू केला, टॅली उघडली. कंपनीच दिसेना. फोल्डर उघडलं तर प्रत्येक फाइलच्या नावामागं अगम्य अक्षरांची शेपटी लागलेली. डेस्कटॉपवर एक नवीन मजकुराची फाइल, इंग्रजीत: तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, अमुक पत्त्यावर मेल करा, पैसे बिटकॉइनमध्ये. मी तो मजकूर तीनदा वाचला आणि मग खुर्चीतच बसून राहिले. बाहेर व्हीएमसीचा आवाज नेहमीसारखा चालू होता. त्यांच्या कामाला टॅली लागत नाही.

मालक आले. रागावले नाहीत. पडद्याकडं बघत म्हणाले, “तुमचा तो व्हीपीएन होता न्हवं?”

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. मीच त्यांना सांगितलं होतं, की घरून टॅलीत बसते तेव्हा व्हीपीएन लावूनच बसते, काळजी करू नका.

भाचा शुक्रवारी रात्री बसनं आला. संगणकाची नोंदवही जेवढी उरली होती तेवढी त्यानं माझ्यासमोर उघडली. एकाखाली एक, ४६२५, ४६२५, ४६२५. विंडोजमध्ये कुणी चुकीचा पासवर्ड टाकला की या क्रमांकाची नोंद होते. पहाटे दोनला, अडीचला, तीनला. दर काही सेकंदाला एक. नावं कधी ‘अ‍ॅडमिन’, कधी ‘युजर’, कधी ‘टॅली’. जगाच्या पाठीवर कुठंतरी एक यंत्र रात्रभर आमच्या दारावर किल्ल्या लावून बघत होतं. आणि आमची किल्ली म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढं १२३. तीही मीच ठेवलेली.

दार कुणी उघडलं होतं? लॉकडाऊनमध्ये घरून काम करायचं म्हणून आमच्या हार्डवेअरवाल्यानं फॅक्टरीच्या राउटरमधला ३३८९ नंबरचा पोर्ट बाहेरच्यासाठी खुला केला होता. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप या नंबरवर चालतं, मुद्दाम बदलला नाही तर जगात सगळीकडं याच नंबरवर. म्हणजे चोराला दार शोधायलाही लागत नाही. आमच्याकडं स्टॅटिक आयपी होता, पत्ताही कधी बदलत नव्हता. ‘दोन महिन्यांपुरतं करू या’ असं ठरलं होतं. दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. त्या माणसाला मी दोष देत नाही, कारण बंद करा म्हणून त्याला सांगायचं काम माझं होतं.

आणि माझा ७,२२१ रुपयांचा व्हीपीएन? तो मला कागलच्या घरातून सिंगापूरला नेत होता आणि सिंगापूरहून परत पंचतारांकितच्या त्याच सताड उघड्या दारात आणून सोडत होता. माझा जाण्यायेण्याचा रस्ता झाकलेला, दार उघडं. दाराशी मी सिंगापूरहून आले काय, दुसरा कुणी आणखी कुठून आला काय, दाराला दोघं सारखेच.

पैसे दिले नाहीत. सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. शेवटचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता, अठरा दिवसांपूर्वीचा, तोही मी बाहेर काढून ठेवला होता म्हणून वाचला. ते अठरा दिवस परत उभे करताना जीएसटीबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदा प्रेम वाटलं. विक्रीची बिलं ई-वे बिलाच्या पोर्टलवरून काढली, खरेदी जीएसटीआर दोन-बी मधून जुळवली, बाकी बँकेच्या स्टेटमेंटवरून. रोख खर्चाच्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. ऑपरेटरच्या चहाच्या उधारीपर्यंत सगळं हातानं. वीस तारखेचा रिटर्न वेळेत गेला, हे मुद्दाम लिहिते.

भाचा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. भाच्यानं पहिलं काम केलं ते ३३८९ बंद. मग फॅक्टरीत वायरगार्ड चालणारा एक लहान राउटर बसवला. वायरगार्ड हाही व्हीपीएनच. जेसन डोनेनफेल्ड नावाच्या माणसानं लिहिलेला, २०२० च्या मार्चमध्ये लिनक्सच्या गाभ्यात घेतलेला, जेमतेम चार हजार ओळींचा, आणि फुकट. भाचा म्हणाला, लहान आहे म्हणूनच चांगला, कुणालाही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून तपासता येतो. हे मला पटलं. चार पानांचा ताळेबंद आणि चाळीस पानांचा ताळेबंद यात लपवाछपवी कुठं सोपी, ते मला माहीत आहे.

मला कठीण जाईल असं वाटलं होतं. त्यानं पडद्यावर एक क्यूआर आणला, म्हणाला स्कॅन कर. भाजीवाल्याला पैसे देताना करते तसा केला. झालं. लॅपटॉपलाही तसलीच एक फाइल. पासवर्ड पाठ करायचा नाही, किल्ली त्या यंत्रातच राहते. आणि यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की ओळखीची किल्ली नसलेला कुणी येऊन खडखडवला तर हे दार ‘चुकीची किल्ली’ असंही सांगत नाही. गप्पच राहतं. बाहेरच्याला तिथं दार आहे हेच कळत नाही. शिवाय फक्त फॅक्टरीचा टेम्पो या रस्त्यानं जातो. बँकेचं ॲप, सासूबाईंची मालिका आपापल्या वाटेनं. घरात आता कुणाचं चाक फिरत नाही.

भाचा बोलता बोलता म्हणाला, व्हीपीएन निघाला तोच या कामासाठी. १९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी पीपीटीपी नावाची पद्धत काढली ती फिरतीवरच्या किंवा घरी बसलेल्या माणसाला ऑफिसच्या नेटवर्कात सुखरूप आत घ्यायला. त्यात गुरदीपसिंग पाल हे भारतीय वंशाचे अभियंताही होते. गोडाऊन भाड्यानं देण्याचा धंदा नंतरचा. मी दुकानात कुलूप मागायला गेले होते आणि पडदा घेऊन आले होते. पडद्याचं कापड वाईट नव्हतं, पण पडदा तो पडदाच.

गोडाऊनवाल्यांबद्दल मग मी स्वतः वाचलं, रागानं. फेसबुकनं २०१३ साली ओनावो ही कंपनी घेतली. तिचा फुकटचा व्हीपीएन लोकांनी सुरक्षेसाठी घेतला आणि तो लोक कुठलं ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला पुरवत होता. २०१८ मध्ये तो ॲपलच्या दुकानातून निघाला, पुढं बंदच झाला, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं त्यापायी दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. दुसरं असं, की ज्या ‘सर्वोत्तम दहा व्हीपीएन’ याद्या बघून आपण घेतो, त्यातल्या काही याद्या विकणाऱ्याच्याच घरच्या. केप टेक्नॉलॉजीज या एकाच कंपनीकडं एक्सप्रेस व्हीपीएन, सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस हे तीन व्हीपीएन आहेत आणि व्हीपीएनमेंटॉर ही परीक्षणांची साइट चालवणारी कंपनीही तिनं २०२१ मध्ये विकत घेतली. वराच्या मामानंच मुलीकडच्यांना वराची चौकशी करून द्यावी, तसं.

आपल्या सरकारनंही २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या यंत्रणेकडून आदेश काढला, की व्हीपीएनवाल्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, आयपी यांची वही पाच वर्षं ठेवावी. सप्टेंबरअखेर तो लागू झाला. तोवर एक्सप्रेस, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन यांनी भारतातली यंत्रं उचलून नेली. यादीत ‘इंडिया’ लिहिलेलं अजून दिसतं, पण यंत्र सिंगापूरला किंवा आणखी कुठं. सासूबाईंची मालिका का अडकायची त्याचं एक कारण हेही असावं. व्हीपीएन वापरणं आपल्याकडं सरसकट बेकायदा नाही, हेही सांगून टाकते, कारण भिशीत एकीनं तो घाबरूनच काढून टाकला.

म्हणून सगळे व्हीपीएनवाले चोर, असं मी म्हणणार नाही. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उडी मारायची सवय मला महागात पडली आहे. स्वीडनच्या मलवाडकडं २०२३ च्या एप्रिलमध्ये पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. वहीच नव्हती. तिथं खात्याला नाव लागत नाही, नुसता नंबर मिळतो, आणि दर महिन्याला पाच युरो, एक महिना घ्या नाहीतर वर्षभर, सूट नाही. सूट नाही हे वाचून मला बरं वाटलं. प्रोटॉनचा फुकटचा प्लॅन आहे, त्याला डाटाची मर्यादा नाही. एकच यंत्र चालतं आणि देश आपल्याला निवडता येत नाही. माझी मुलगी होस्टेलवर असते. तिथल्या वाय-फायला दोनशे पोरी आणि पासवर्ड भिंतीवर लिहिलेला. तिला मी प्रोटॉनचा तो प्लॅन घालून दिला आहे. गरज असेल तिथं मी आजही नाही म्हणत नाही.

पण भिशीतल्या बायकांना मी आता आधी विचारते, कशाची भीती वाटते? पैशाची असेल तर तिथं व्हीपीएन कामाचा नाही. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडली, ओटीपी सांगितला, व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसाच्या ‘डिजिटल अटके’ला भ्यालो, तर पैसे जातात ते आपल्या हातानं, आणि सिंगापूरमार्गेही तेवढेच जातात. त्यावर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर, तोही पहिल्या तासात. केबलवाल्याच्या पोराची असेल तर अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ म्हणून सेटिंग आहे. ते लावलं की वॉचमनच्या वहीतला काही मजकूर पुसट होतो. सगळा नाही, पण फुकटात.

माझा तीन वर्षांचा प्लॅन २०२४ मध्ये संपला. नूतनीकरणाचा मेल पहिल्यापेक्षा जास्त रकमेचा आला होता. मी आधीच बँकेत जाऊन मँडेट काढून आले होते. भिशीतल्या दोघींचे पैसे मी माझ्या पाळीतून वळते करून दिले, बाकीच्यांनी घेतले नाहीत. केबलवाल्याच्या आईशी पुन्हा भाजीच्या भावावर बोलणं सुरू आहे. आमच्या टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी दोन डिस्कवर होतो आणि एक डिस्क माझ्या डब्याच्या पिशवीतून घरी येते.

पंचतारांकितमध्ये, गोकुळ शिरगावात, शिरोलीत जिथं जिथं कुणी घरून टॅलीत बसत असेल त्यांना एकच विनंती. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तुमच्या हार्डवेअरवाल्याला फोन लावा आणि ३३८९ बाहेरून उघडा आहे का, एवढंच विचारा. ‘काय होत न्हाई वैनी, चालू दे’ असं उत्तर आलं, तर संध्याकाळपर्यंत दुसरा माणूस बोलवा.